भानुसेन आणि मंडळींचे अरण्य

एका राज्यात वारा थांबला होता. भर दुपारी थांबला, तो थांबलाच. किल्ल्यावरचा ध्वज काठीला चिकटून राहिला. खळ्यांवर मळणी झाली, पण उफणायला वारा नाही, म्हणून लोक भुसकटासकट धान्य दळू लागले. आणि डोंगरावरच्या सात भट्ट्यांचा धूर, जो एरवी कुठल्या कुठे उडून जाई, तो खाली उतरून घरांच्या छपरांवर बसला, डबक्यातल्या म्हशीसारखा. हाकलला तरी उठेना.

भट्ट्या होत्या भानुसेन नावाच्या मायावीच्या. ‘भानुसेन आणि मंडळी’ असा दारावर फलक. भट्टीत वाळू आणि मंत्र घालून ते उजेडाचे खडे काढीत. घरात एक खडा ठेवला की तेल नको, वात नको. लोकांना उजेड हवा होता आणि धूर नको होता. म्हणून राजा सुवर्म्याने कायदा केला: जितक्या भट्ट्या, तितकी धूर पिणारी अरण्ये. एक अरण्य कमी भरले, तर एक भट्टी बंद.

ती अरण्ये खरोखर आहेत का, हे लोकांना सांगायचे काम बकुळेचे. बकुळा पेठेची वाकनीस होती. व्यापाऱ्यांच्या मंडळ्या काय करतात ते पाहायचे आणि वर्षातून एकदा मोठ्या चौकात उभे राहून वाचून दाखवायचे. वाचताना पहिले वाक्य ठरलेले, ‘वारा साक्ष आहे’. यंदाही तिने वाचले होते: वारा साक्ष आहे, भानुसेन मंडळींच्या सात भट्ट्या, सात खोऱ्यांत सात अरण्ये. कागदावर भानुसेनाची सही होती, राजाचा शिक्का होता, आवाज बकुळेचा होता.

ज्या दुपारी तिने वाचले, त्याच दुपारी वारा थांबला. हे बकुळेच्या मनात होते, पण ओठांवर येत नव्हते. ती बसली की उठे, उठली की फेऱ्या मारी, पाण्याचा तांब्या तोंडाला लावी आणि न पिताच खाली ठेवी. राजाने होम केले, ज्योतिषी बोलावले. वारा काही आला नाही.

चौथ्या महिन्यात शेजारची सगुणा सूप घेऊन तिच्या दारात उभी राहिली. सगुणेचा म्हातारा सासरा धुराने गुदमरून गेला होता, त्याला पंधरा दिवस झाले होते.

“बकुळे, अरण्ये आहेत म्हणालीस.”

“म्हणाले.”

“मग हा धूर पीत का नाहीत गं ती? तू डोळ्यांनी पाहिलीस ना?”

पाहिली होती, पण कशी? भानुसेनाने पालखी पाठवली होती. पडद्याची पालखी, आत लोड, बरोबर केशरी दूध. एकेका डोंगरावर पालखी थांबे, पडदा वर होई, खाली हिरवेगार अरण्य दिसे आणि पडदा पुन्हा खाली येई. सात वेळा पडदा उघडला, सात वेळा तिने मान हलवली.

“पुन्हा पाहून येते,” ती म्हणाली. आणि पायात वहाणा घालून निघाली. या खेपेला चालत.

पहिला डोंगर ओलांडून ती पहिल्या खोऱ्यात उतरली. अरण्य होते. उंच, दाट, गर्द. तिने पदराची एक पिवळी चिंधी फाडली आणि एका बेहड्याला बांधली. मग दुसरा डोंगर चढली, उतरली. तिथेही अरण्य होते, तसेच उंच, तसेच दाट. आत शिरली, तर समोर बेहडा, आणि बेहड्याला पिवळी चिंधी.

तिसरा डोंगर ती अर्धाच चढली आणि एकदम मागे वळली. पाहते तर काय! अख्खे अरण्य उठले होते. मुळे जमिनीतून उपसून, फांद्या आवरून, तोल सांभाळीत झाडे दुसऱ्या वाटेने तिसऱ्या खोऱ्याकडे चालली होती. मागे उरली उघडी तांबडी माती आणि ओढल्याचे चर. अरण्य एकच होते. कोणीही डोंगर चढू लागला की ते पुढच्या खोऱ्यात जाऊन उभे राही. अशा अरण्याची मुळे कुठे धरणार, आणि ते धूर कधी पिणार?

दरडीवर एक धनेश पक्षी चोचीत उंबर धरून बसला होता. त्याने उंबर खाली ठेवले आणि तो माणसासारखा बोलला.

“बाई, माझे झाड कुठल्या खोऱ्यात गेले, पाहिलेस का?”

“तिसऱ्या. कशाला?”

“माझी बायको ढोलीत आहे. दार लिंपून आत अंड्यांवर बसली आहे. मी चारा घेऊन येतो, तर झाड जागेवर नसते. रोज शोधतो. काल सापडले तेव्हा ती उपाशी होती.”

बकुळेने विचारले, “पक्षीराजा, वारा कुठे गेला, तुला ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे. तुमच्या पहिल्या राजाला वाऱ्याने बजावले होते: माझी साक्ष काढून चौकात खोटे बोलाल, त्या दिवशी मी जाईन. तुम्ही खोटे बोललात. तो गेला.”

“परत कसा येईल?”

“खोटे तीन तोंडांचे आहे. ज्याने रचले, ज्याने शिक्का मारला आणि जिने वाचले. तिघांनी त्याच चौकात, तेवढ्याच मोठ्याने ते परत घ्यायचे. एकाने घेतले तर एक वाटा वारा, दोघांनी घेतले तर दोन.” धनेशाने उंबर उचलले आणि तो तिसऱ्या खोऱ्याकडे उडाला.

बकुळा तडक राजाकडे गेली. राजाने सारे ऐकून घेतले.

“अरण्य न पाहता शिक्का मारला, हे मी चौकात सांगू? उद्या माझा शिक्का कोण मानील?”

“ते मी सांगू शकत नाही, महाराज. मला एवढेच ठाऊक आहे की माणसे मरत आहेत.”

राजाने तोंड खिडकीकडे वळवले. भेट संपली.

मग ती भानुसेनाकडे गेली. त्याचा वाडा धुराच्या वर, डोंगरमाथ्यावर. तिथे आभाळ निळे होते. भानुसेन हसून म्हणाला, “वाकनीस, आपण खोटे वाचले, असे स्वतः सांगाल? त्यानंतर आपले काय ऐकतील लोक? ‘पाऊस पडतो’ म्हणालात, तरी हात बाहेर काढून पाहतील.”

“पाहू देत, श्रेष्ठी,” बकुळा म्हणाली. पण तो म्हणाला ते खरे होते, हे जिना उतरताना तिला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चौकात उभी राहिली. लोक जमले. तिने आवाज चढवला.

“वारा साक्ष आहे. मी वाचले ते खोटे होते. मी पालखीतून पाहिले, खाली उतरले नाही. अरण्य एकच आहे आणि ते पळते. मी ते शब्द परत घेते.”

मग सगुणा पुढे आली. तिने सुपातले भुसकट मूठभर घेतले आणि बकुळेच्या तोंडावर फेकले. बकुळेने डोळे पुसले नाहीत. आणि त्या भुसकटातले दोन-चार कण खाली पडायचे सोडून आडवे उडाले. पिंपळाचे शेंड्याचे पान हलले. लोकांच्या मानेवर गार काहीतरी लागले.

तेच गार वाऱ्याचे बोट राजाच्या खिडकीतून आत गेले. राजा किती वेळ उभा होता कोण जाणे. मग तो मुकुट न घालता, अनवाणी खाली आला आणि चौकात म्हणाला, “मी न पाहता शिक्का मारला. मी तो परत घेतो.”

दोन वाटे वारा सुटला. छपरांवरचा धूर चार महिन्यांनी उठला, वळला आणि जिथून आला होता तिकडे, डोंगरमाथ्याकडे निघाला.

भानुसेनाला शिपायांनी आणले, तेव्हा तो शांत होता. “मी खोटे बोललो नाही. अरण्य आहे. वाकनीसांनी स्वतः पाहिले.”

“श्रेष्ठी, भट्ट्या किती?” बकुळेने विचारले.

“सात.”

“खोरी किती?”

“सात.”

“अरण्ये किती?”

भानुसेनाने तोंड उघडले. तेवढ्यात माथ्यावरून खोकल्याचा आवाज आला. धूर पहिल्यांदाच त्याच्या घरात शिरला होता आणि त्याची म्हातारी आई गच्चीचा कठडा धरून खोकत होती. खोकला थांबेना. भानुसेनाने वर पाहिले.

“एक,” तो म्हणाला. मग, कोणी न सांगता, मोठ्याने म्हणाला, “एकच आहे. मी सात लिहिले. मी ते परत घेतो.”

आणि वारा आला. शिंकाळी झुलली, कवाडे आपटली, ध्वज फडफडला, बायांनी केस धरले. शाप सुटला. सगुणा सूप घेऊन खळ्याकडे निघून गेली.

सहा भट्ट्या विझल्या, त्यांतून निघालेले खडेही विझले; एक भट्टी राहिली. घरोघरचा खडा गेला, गल्लीला एक उरला; लोक कुरकुरले, पण तेल-वात पुन्हा शिकले. अरण्य पहिल्या खोऱ्यात परतून उभे राहिले. आता भानुसेनाचा हुकूम नव्हता, म्हणून ते हलले नाही, दमलेही होते. उरलेल्या सहा खोऱ्यांत भानुसेनाने रोपे लावावीत, आणि मंत्राने नव्हे तर कुदळीने, असा निवाडा झाला.

वर्ष सरले. वाचनाच्या दिवशी बकुळा चौकात उभी राहिली. लोक आले, पण हाताची घडी घालून, आणि कोणी मान हलवीत नव्हते.

“वारा साक्ष आहे,” तिने सुरुवात केली. “एक भट्टी, एक अरण्य. सहा खोऱ्यांत रोपे, गुडघ्याएवढी.”

“सगळी जगली?” मागून कोणीतरी विचारले.

“नाही. तीनशे बारा वाळली. कुठली, तेही वाचते.”

तिने कागद उलटला आणि वाळलेल्या रोपांची एकेक ओळ ती वाचू लागली. ऊन चढले. तीनशे बारावी ओळ संपेपर्यंत चौकातून एकही माणूस हलला नाही.