काळविटाने धरलेले आभाळ

पूर्वी काशीच्या गादीवर एक राजा होता. तो न्यायाने वागे, कर बेताचा घेई, आणि त्यामुळे त्याच्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. त्याच्या राज्यात एका नदीकाठच्या माळावर बोधिसत्त्व काळविटाच्या जन्माला आला होता. त्याची शिंगे पिळदार होती, पाठ काळीभोर होती आणि मोठा कळप त्याच्या मागे चालत असे. पण त्या माळावर त्याचे नाव होते ते शिंगांमुळे नव्हे. कळपातली एखादी म्हातारी हरिणी थकली, तर तो साऱ्या कळपाला तिच्या चालीने चालवायचा, आणि आपण कोणावर उपकार करतो आहोत असे तोंडावर दिसू द्यायचा नाही.

उन्हाळ्यात नदीचे पाणी ओसरले की पात्रात गोट्यांचे एक बेट उघडे पडे. तेथे एक टिटवा आणि त्याची टिटवी राहत. टिटव्यांच्या कुळाची जुनी समजूत सर्वांना ठाऊक आहे. झोपताना पाय वर करायचे, म्हणजे आभाळ कोसळलेच तर ते पायांवर तोलता येते. बाकीचे टिटवे हे काम रात्रीपुरते करीत, आणि तेही डोळा लागेपर्यंत. हा टिटवा मात्र मुळातच कष्टाळू, आणि प्रत्येक गोष्ट जिवाला लावून घेणारा. एका संध्याकाळी तो दमून कुशीवर झोपला, आणि नेमकी तेव्हाच काठावरच्या अर्जुनाच्या झाडावर वीज पडली. झाड उभे चिरले. आपण पाय खाली घेतले म्हणून हे झाले, असे त्याच्या मनाने घेतले.

त्या दिवसापासून तो दिवसाही उताणा पडून राहू लागला. दोन काड्यांसारखे पाय वर, डोळे आभाळाकडे. साळुंकीने एकदा त्याची समजूत घालून पाहिली.

"अरे, आभाळ कधी पडतं का?"

"आजवर पडलं नाही, ते कुणामुळे?" टिटवा म्हणाला.

साळुंकी उडून गेली. खरे तर असल्या बोलण्याला उत्तर नसतेच. बाकीचे पक्षी त्याचे कौतुक करीत. 'धन्य आहे बुवा तुझी,' असे म्हणत आणि आपापल्या घरट्याकडे जात. कौतुकाला काही लागत नाही.

टिटव्याच्या पाठीची पिसे झडली. पायांना गोळे येऊ लागले. टिटवीने आणलेला किडा तो पडल्या पडल्या गिळी, आणि ती काही बोलू लागली की खेकसे, "अगं, मी इथं काय धरून आहे ते दिसतंय का तुला?" पूर्वी तो असा नव्हता. पूर्वी लांडग्याची चाहूल साऱ्या माळात प्रथम त्यालाच लागे, आणि त्याच्या 'टिटिव टिव' अशा एका आरोळीने हरणे, ससे, तितर सगळे सावध होत. पण उताण्या पडलेल्याला जमिनीवरचे दिसणार कसे? चैत्र सरता सरता लांडग्याने काळविटाच्या कळपातले एक पाडस उचलले. टिटवा हाकेच्या अंतरावर होता आणि एका ढगाकडे काळजीने बघत होता.

वैशाखात टिटवीने गोट्यांतल्या खळग्यात चार अंडी घातली. टिटव्यांची अंडी गोट्यांसारखीच दिसतात, म्हणून चोरापासून वाचतात. त्यांचा खरा वैरी ऊन. गोटे तापले की अंड्यातला जीव आतल्या आत शिजतो. म्हणून टिटवा-टिटवी आळीपाळीने पाण्यावर जातात, पोटाची पिसे भिजवून आणतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. एक जण पाण्यावर गेला की दुसरा सावली धरतो. हे काम दोघांचेच आहे. एकटी टिटवी पाण्यावर गेली की अंडी उन्हात उघडी पडत, आणि न जावे तर तिचेच अंग तापून निघे.

"अहो, दुपारपुरते तरी उठा," ती म्हणाली. "अंडी जातील हो."

"आणि आभाळ पडलं तर अंडी राहतील का?" टिटवा म्हणाला, आणि त्याने पाय आणखी ताणले.

त्याचे अंड्यांवर प्रेम नव्हते असे कोणी समजू नये. त्या चार जिवांसाठीच तर तो झिजत होता. या गोष्टीत मला सर्वांत वाईट वाटते ते याचेच. ज्यांच्यासाठी तो मरमर करीत होता, ती त्याच्यापासून वावभर अंतरावर होरपळत होती, आणि त्यांच्याकडे त्याची पाठही नव्हती, तोंडही नव्हते.

काळवीट रोज पाण्यावर येई. टिटवीची धावपळ त्याने पाहिली. एका दुपारी ती पाण्यावरून परतताना गोट्यांत कोलमडली, तेव्हा तो पुढे झाला आणि ती सावरेपर्यंत अंड्यांवर सावली धरून उभा राहिला.

"मामंजींनी मरताना सांगितलं होतं, आभाळाकडे लक्ष ठेव म्हणून," टिटवी म्हणाली. "पण इतकं? दादा, तुम्ही तरी सांगून बघा. माझं ऐकणं त्यांनी सोडलंय."

काळवीट टिटव्यापाशी गेला. त्याच्या कळपाचे पाडस याच्याच डोळ्यांआड गेले होते. दुसरा कोणी असता तर आधी तो हिशेब काढला असता. काळविटाने टिटव्याचे थरथरणारे पाय पाहिले, झडलेली पिसे पाहिली, आणि त्याला फक्त कळवळा आला. याला युक्तिवाद सांगण्यात अर्थ नाही, हेही त्याने ओळखले. डोक्यावर मोळी असलेल्याशी कोणी वाद घालत नाही, आधी मोळीला हात लावतो.

"गड्या, भार मोठा आहे," काळवीट म्हणाला.

टिटव्याच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या दिवसांत असे कोणी म्हटले नव्हते.

"थोडा वेळ माझ्याकडे दे. तुला दोन पाय आहेत, मला चार आहेत."

टिटव्याने त्याच्या खुरांकडे निरखून पाहिले. पाय मजबूत होते, त्यात शंका नव्हती. "पण तुम्हाला सवय नाही," तो म्हणाला.

"तू शिकव."

मग माळावरच्या जनावरांनी जे पाहिले ते पूर्वी कोणी पाहिले नव्हते. कळपाचा नायक, पिळदार शिंगांचा काळवीट, तापलेल्या वाळूत उताणा झाला आणि त्याने चारही पाय आभाळाकडे केले. शिंगे वाळूत रुतली. टिटवा शेजारी पडल्या पडल्या सूचना देऊ लागला. "डावा मागचा जरा वर घ्या. हां. मावळतीकडे जड आहे, तिकडं लक्ष असू द्या. शिंक आली तर आधी मला हाक मारा." काळविटाने सगळे ऐकून घेतले आणि तो एकदाही हसला नाही. टिटव्याने एक पाय खाली घेतला, थांबून पाहिले, मग दुसरा घेतला, आणि तो लटपटत पाण्याकडे गेला.

माळावर हसून हसून पुरेवाट झाली. कळपातला एक तरणा नर मोठ्याने म्हणाला, "हा आपला नायक! पाखरानं याला उलटा पाडला." काही माद्याही हसल्या. नायकपण शिंगांनी मिळते आणि हशाने जाते, हे काळविटाला कळत होते. उताण्या हरणाला पळता येत नाही, हे तर पाडसालाही कळते. तरी तो दुपार कलेपर्यंत तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्याही. टिटवा पोट भिजवून आणी, अंड्यांवर बसे, आणि दर थोड्या वेळाने ओरडून विचारी, "दादा, ठीक आहे ना?"

"ठीक आहे," काळवीट म्हणे. "तू बस."

अंड्यांवर बसल्या बसल्या टिटव्याला एकदा आतून टोच लागल्यासारखी वाटली. त्याने टिटवीकडे पाहिले. ती हसली. कितीतरी दिवसांनी ती दोघे एकमेकांशी आभाळाखेरीज दुसरे काही बोलली.

मग ती दुपार आली. टिटवी अंड्यांवर होती आणि टिटवा पाण्यात पोट बुडवत होता. कळप दूर पलीकडच्या काठावर चरत होता. टिटव्याने मान वर केली, तर झाऊच्या झुडपांतून लांडगा येताना दिसला. पोट वाळूला लावून तो सरकत होता, आणि त्याची नजर उताण्या काळविटावर होती. काळविटाला तो दिसत नव्हता. काळवीट आभाळाकडे बघत होता, दिलेल्या शब्दाप्रमाणे.

टिटव्याच्या घशात आरोळी आली आणि अडकली. आरोळी दिली तर काळवीट उठणार. काळवीट उठला तर चारही पाय खाली येणार, आणि आपले दोन पाय तर पाण्यात. मग आभाळ धरणार कोण? अंडी, टिटवी, नदी, माळ, सगळे त्याखाली जाणार. आणि आरोळी न द्यावी तर एकच जीव जाणार. कोणी मोजून पाहिले असते तर गप्प राहणेच शहाणपणाचे होते. पण ज्याने हसे करून घेऊन आपला भार घेतला, त्याचा गळा धरला जाताना बघत राहणे त्या भित्र्या, कष्टाळू पक्ष्याला जमले नाही. त्याने डोळे घट्ट मिटले आणि तो सगळा जीव घशात आणून ओरडला, "टिटिव! टिव! टिटिव!"

काळविटाने एका हिसक्यात अंग फिरवले आणि उडी घेतली. लांडग्याचे दात त्याच्या मांडीला लागले, पण पकड बसली नाही. पलीकडे कळप उधळला, ससे बिळांत गेले, तितर उडाले. लांडगा रिकाम्या तोंडाने झुडपांत परतला.

टिटवा डोळे मिटून पाण्यातच उभा होता. तो वाट बघत होता. आता पडेल, आता पडेल. टिटवीने दोनदा हाक मारली तरी त्याने डोळे उघडले नाहीत. शेवटी काळवीट लंगडत त्याच्याजवळ आला.

"गड्या, बघ तरी."

टिटव्याने एक डोळा उघडला. आभाळ जागच्या जागी होते. एक घार त्यात निवांत फिरत होती. टिटवा कितीतरी वेळ बघत राहिला, आणि मग आनंद होण्याऐवजी तो रडू लागला.

"म्हणजे ते माझ्यावाचूनही होतं," तो म्हणाला. "मग मी कोण हो दादा? माझा काय उपयोग?"

काळविटाने मांडीवरच्या रक्ताकडे पाहिले. "आज मी जिवंत आहे," तो म्हणाला. "तू खाली बघितलंस म्हणून."

टिटवा काही बोलणार तेवढ्यात टिटवीने बेटावरून आवाज दिला, "अहो, भिजवलेलं पोट सुकतंय! आधी इकडं या!" आणि तो गेला.

पुढे तीन पिल्ले निघाली. टिटवा पुन्हा माळाचा राखणदार झाला. रात्री कधी कधी सवयीने त्याचा एखादा पाय वर जाई, आणि टिटवी त्याला काही म्हणत नसे. काळविटाची मांडी भरून आली. तो तरणा नर पुन्हा त्याच्या मागे चालू लागला, आणि काळविटाने त्याला त्या हशाची आठवण करून दिली नाही.

शास्त्याने ही गोष्ट जेतवनात सांगितली तेव्हा समोर श्रावस्तीच्या धान्यकोठाराचा अधिकारी पुण्णक उभा होता. तो भिक्षुसंघासाठी तांदूळ घेऊन आला होता. आसन दिले तरी बसला नव्हता, कारण त्याला कोठारात परतायचे होते. आपण तासभर नसलो तर सगळा कारभार कोलमडेल, असे तो सर्वांना सांगे. घरी त्याची धाकटी मुलगी तापाने फणफणली होती आणि बापाचा हात तिच्या कपाळाला अजून लागला नव्हता.

"त्या वेळचा टिटवा म्हणजे हा पुण्णक," शास्ता म्हणाला. "टिटवी म्हणजे आता मुलीच्या उशाशी बसलेली त्याची पत्नी सामा. हसणारा तरणा नर आज याच संघात भिक्षू आहे, आणि त्याचे नाव मी सांगणार नाही. काळवीट मीच होतो."

 पुण्णकाने विचारले, "भगवन्, अंडी चार होती ना?"

"चौथ्यातून पिल्लू निघाले नाही, पुण्णका. आम्हाला थोडा उशीर झाला होता."

पुण्णकाने वंदन केले आणि तो निघाला. फाटकाशी डावीकडचा रस्ता कोठाराकडे जात होता. तो उजवीकडे, घराकडे वळला, आणि थोड्या वेळाने पळू लागला.

या जातकात कोणता गुण सांगितला, असे भिक्षूंनी विचारले. शास्ता म्हणाला, "आभाळ पडणार नाही हे काळविटाला ठाऊक होते, ती प्रज्ञा. ठाऊक असूनही तो वाळूत उताणा झाला, ती करुणा."