पायवाट क्रमांक तीनवरचा बिबट्या

विषय : शहराच्या राखीव टेकडीवरील पायवाट क्रमांक तीन, तिच्या उतारावरील झुडपे आणि तेथे कोणीही न पाहिलेला बिबट्या.

उपरोक्त विषयी हकीकत अशी, की एकदा एका शहराने आपली उरलीसुरली टेकडी राखण्यासाठी एक तरुण निरीक्षक नेमला. नेमणूक तात्पुरती, सहा महिन्यांची. त्याला काम शिकवायला एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी याच टेकडीची तीस वर्षे राखण केली होती. सगळे त्यांना अप्पा म्हणत.

चैत्र संपत आला होता. तिसऱ्या पायवाटेच्या उतारावर, झुडपांच्या आडोशाने, रातवा पक्ष्यांनी उघड्या जमिनीवर अंडी घातली होती. आणि सकाळी व्यायामाला येणारी प्रतिष्ठित मंडळी चालणे वाचावे म्हणून नेमकी तिथूनच आडवी उतरत होती. निरीक्षकाने हात जोडून पाहिले. दोरी बांधून पाहिली. ती कोणीतरी कपडे वाळत घालायला नेली. शेवटी वैतागून त्याने लाल रंगात एक पाटी रंगवून उभी केली : ‘सावधान! बिबट्याचा वावर.’

उतार एका दिवसात ओस पडला. निरीक्षकाला स्वतःच्या बुद्धीचे कौतुक वाटले. ते आठ दिवस टिकले.

नवव्या दिवशी आसपासच्या सोसायट्यांनी सह्यांचे निवेदन दिले. दहाव्या दिवशी एका व्यापाऱ्याने प्रखर दिवे आणि तारेचे कुंपण पुरवण्याची, केवळ जनहितार्थ, तयारी दाखवली. बाराव्या दिवशी कार्यालयातून आदेश निघाला : सोमवारपासून उतारावरील सर्व झुडपे तोडून जागा साफ करावी. खरे सांगावे तर नोकरी जाणार, गप्प बसावे तर रातवे जाणार. निरीक्षक धावत अप्पांकडे गेला.

अप्पांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, “उद्या दिवसभर त्या पाटीखाली बस. दिवस मावळेपर्यंत उठायचं नाही.”

“बसून काय करू?”

“रावसाहेब, नोकरीतल्या माणसानं हा प्रश्न विचारलेला आजवर ऐकला नव्हता. नुसतं बसा.”

दुसऱ्या दिवशी तो बसला. वाटेच्या तोंडाशी, सुरक्षित अंतरावर, मंडळी जमत होती.

“काल दोन होते म्हणे.”

“दोन कसले! पिलं धरून चार. आमच्या सुनेनं पाहिले.”

“प्रत्यक्ष?”

“तिच्या योगाच्या बाईंनी हो. शेपटी पाहिली त्यांनी. ही एवढी!”

“तरीच! कुत्री बघा, किती कमी झालीत.”

निरीक्षक सकाळी गालातल्या गालात हसला. दुपारी त्याच्या लक्षात आले, की आपण कुत्री मोजतो आहोत. ऊन कलले, माणसे घरी गेली, झुडपे एकेक करून काळी पडू लागली. त्याच्या पाठीमागे वाळका पाचोळा चुरचुरला. थांबला. पुन्हा चुरचुरला, या वेळी जवळ. पाटीच्या लाल रंगाचा डाग अजून त्याच्या अंगठ्याच्या नखात होता. तरी मानेवरचे केस उभे राहिले, आणि तो एक चप्पल टाकून खाली पळाला.

टेकडीच्या फाटकाशी अप्पा उभे होते.

“काय होतं?”

“पाहिलं नाही,” तो धापा टाकत म्हणाला.

“पाटी कोणी लिहिली?”

“मीच.”

“तरी पळालास.” अप्पा त्याला पायरीवर बसवून म्हणाले, “अरे, लोकांना खरं सांगत राहणं हे कंटाळवाणं काम आहे. रोज घसा कोरडा करायचा. दहातले चार ऐकतात. तुला घाई झाली, म्हणून तू आपल्या जागी भीतीला पहाऱ्यावर बसवलंस. ती पहारा चोख देते, पण तिला हद्द आखून देता येत नाही. तिनं आधी माणसं हटवली, आता झुडपं हटवायला निघाली आहे. आणि आज तिनं तुलाही हटवलं, तू तर तिचा मालक होतास!”

निरीक्षक म्हणाला, “पाटी काढून टाकू?”

“नुसती काढलीस तर म्हणतील, बिबट्या लपवला. आधी स्वतःच्या नावानं लिहून दे.”

त्याने अर्ज लिहिला : ‘सदर बिबट्या मी स्वतः लिहिला आहे. प्रत्यक्षात तेथे रातव्याची अंडी आहेत. तरी झुडपांची तोडणी थांबवावी व मजवर योग्य ती कारवाई व्हावी.’

कार्यालयाने अर्ज स्वीकारला आणि बिबट्या नसल्याचा पुरावा जोडण्यास कळवले.

पाटी काढून निरीक्षक आता रोज पहाटे उतारावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, “काका, इथं अंडी आहेत, जरा वरच्या अंगानं जा.” काही जण जातात. तोडणीचा सोमवार एकदा पुढे ढकलला गेला आहे. पुढची तारीख कळवलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.