वादळात साळिंदराच्या दारी

समुद्रकाठच्या टेकड्यांना अजून कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची गोष्ट. अशाच एका टेकडीच्या पोटात साळिंदराचं ऐसपैस बीळ होतं.

एके दिवशी चक्रीवादळ आलं. माड कडाकडा मोडू लागले. खालच्या बांधातल्या मुंगशिणीच्या बिळात पाणी शिरलं, तशी ती तीन पिल्लांना घेऊन साळिंदराच्या दारी आली.

"दादा, वारा ओसरेपर्यंत आसरा द्या."

"दिला असता गं," साळिंदर आतूनच म्हणाला, "पण माझी जागा अगदी अडचणीची. त्यात हे काटे. पोरांना टोचतील."

मुंगशीण मुकाट्यानं परत फिरली. थोड्याच वेळात वरचा आंबा उन्मळून पडला आणि साळिंदराच्या बिळाचं तोंड मातीनं बुजलं.

वादळ सरलं. आत साळिंदराचा जीव गुदमरत होता. तो ओरडत राहिला. अखेर बाहेरून कुणीतरी माती उकरू लागलं. भोक पडलं, उजेड आत आला, आणि समोर मुंगशीण दिसली. तिचे पंजे रक्ताळले होते. मागे दोन पिल्लं उभी होती.

साळिंदराच्या पाठीमागची मोकळी जागा तिला लख्ख दिसली.

"तिसरं कुठंय?" साळिंदरानं विचारलं.

"पाण्याबरोबर गेलं."

साळिंदराची मान खाली गेली. "आत ये ना," तो कसाबसा म्हणाला. "खूप जागा आहे."

"आता पाऊस थांबलाय, दादा," असं म्हणून मुंगशीण पिल्लांना घेऊन निघाली.

वाट मोकळी झाली होती, पण त्या दिवशी साळिंदर बाहेर आला नाही.