कौतिकच्या हातातली फणी

"या डोक्यात सत्तर वर्षांत एक ऊ टिकली नाही," धोंडूबुवांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. मग टोपी काढली. खाली तुळतुळीत टक्कल. "टिकणार तरी कशाला धरून?"

निकम बाई हसल्या नाहीत. बुवांच्या त्या जुन्या शिष्या, चौथीच्या वर्गशिक्षिका, आणि मठात त्या हसायला येत नसत.

"हिचे केस कापायचे, की हिला घरी बसवायचं? दोन्हीतलं एक सांगा."

ही म्हणजे कौतिक. वर्गातली पोर, चार हात लांब उभी केलेली. कमरेपर्यंतची वेणी दोन्ही मुठींत घट्ट, जणू कात्री निघालीच आहे.

"उवा पाहिल्यात?"

"पाहायच्या कशाला? दिवसभर खाजवते."

"खाजवतो तर मीपण." बुवांनी छातीवर रुळणाऱ्या दाढीत बोटं घातली. "दिसतं काय?"

"पांढरं पांढरं."

बुवांनी कौतिकला जवळ बसवलं, कानामागचे केस बाजूला केले आणि फुंकर मारली.

"उडाला तो कोंडा. केसाला चिकटून बसल्यात त्या लिखा. आहेत बरं का."

"म्हटलं नव्हतं मी?" बाईंची मान ताठ झाली.

"आता तुम्ही बसा."

"मी?... बुवा, मी शिक्षिका आहे."

"उवांना कुणी सांगितलं नसेल. हिच्या डोक्याला डोकं लावून रोज शुद्धलेखन कोण तपासतं?"



बाई पायरीवर बसल्या.

बुवांनी फणी दिली ती कौतिकच्या हातात. पोरीने आधी आपली वेणी फ्रॉकच्या आत खोचली. मग बाईंचा अंबाडा सोडला, तेल चोपडलं, आणि एकेक बट धरून मुळापासून फणी ओढायला लागली. दर वेळी बुवांच्या पांढऱ्या उपरण्यावर पुसायची.

चौथ्या बटेला उपरण्यावर काहीतरी चालू लागलं.

"ही हिच्याकडूनच आली," बाई म्हणाल्या.

"विचारून बघा तिला, कुठल्या आळीची ते."

कौतिक खुदकन हसली आणि लगेच घाबरली.

"तर बाई, आता तुमचे केस कापायचे, की तुम्हाला घरी बसवायचं? दोन्हीतलं एक सांगा."

ऊ उपरण्याच्या काठापर्यंत पोचली.

शेवटी बाई उठल्या. फणी गरम पाण्यात धुऊन आणली. "बस. आता तुझी पाळी."

कौतिकने वेणी बाहेर काढली आणि बाईंच्या हातात दिली.

"एवढ्याने जातील, बुवा?" बाईंनी विचारलं.

"लिखा फुटत राहतात. दर तीन दिवसांनी फणी, दोन आठवडे. आणि घरातली सगळी डोकी."

"वर्गातलीही," बाई म्हणाल्या. "उद्या शाळेच्या ओट्यावर. पहिली मी बसेन."

बुवांनी समाधानाने टोपी चढवली. "झालं. म्हणजे या मठात स्वच्छ असा मी एकटाच."

कौतिक मान खाली घालूनच म्हणाली, "बुवा, दाढी राहिली की तुमची."