कोंडाईची रेघ

आमच्या पणज्याचा पणजा कोकरं राखत होता, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची तर नीट ऐका. कोंडाईचं नाव आम्ही हसण्यावारी घेत नाही.

फार वर्षांपूर्वी या तांबड्या माळावर माणसांपेक्षा हरणं जास्त होती. आज या तळ्यावर, उद्या डोंगरापलीकडं, परवा तिसऱ्याच गावच्या शिवारात. हरणाला शीव कुठली? आम्हा धनगरांना त्यांच्या पायांचा भारी हेवा. म्हणून एक रीत पडली होती. कोकणातून मेंढरं वर आली की हरणतळ्याच्या काठी सपाट दगडावर मीठ टाकायचं. हरणांनी चाटायचं, मेंढरांनी चाटायचं, एकाच दगडावर. तसं केलं की हरणाचे पाय मेंढराला येतात म्हणे. येतात कसले, डोंबल! पण म्हाताऱ्यांची रीत मोडायची कुणी?

मोडली कोंडाबाईनं, म्हणजे आमच्या कोंडाईनं. नवरा गेलेली, मूलबाळ नाही, पण एकटीच्या हिमतीवर मेंढरांचा एवढा मोठा कळप सांभाळायची की गडीमाणसांनी तोंडात बोट घालावं. एकेका मेंढीला नावानं हाक मारायची. तीच तिची लेकरं होती.

त्या साली घाट चढून येतानाच तिच्या मेंढरांना बुळकांडी लागली. नाकं वाहायला लागली, तोंडात फोड आले, हगवणीनं मेंढरं बसायला लागली. माळावर पावसाचा टिपूस नव्हता आणि पाणी होतं ते फक्त हरणतळ्यात. तिचा धाकटा दीर धुळा आपली निरोगी मेंढरं घेऊन आधीच तिथं पोचला होता. दगडावर मीठ टाकून वहिनीची वाट बघत होता.

कोंडाई कोरड्या ओढ्याशीच थांबली. पलीकडं पाणी दिसत होतं आणि मेंढरं तहानेनं ओरडत होती. धुळा हाका मारत निघाला. म्हणाला, थांबलीस का? रीत मोडलीस तर बिरोबा कोपेल, आणि मेंढरं तहानेनं मरतील ती वेगळीच. कोंडाईनं हात वर केला.

"भावजी, तिथंच थांबा. माझी मेंढरं मेली तर एका बाईचा मेंढरांचा वाडा बसंल. हरणांनी हा रोग घेतला तर ती तो कुठवर नेतील, सांगता येतंय का तुम्हाला?"

 धुळा रागानंच माघारी गेला, आणि आमची वहिनी खुळी झाली म्हणून गावभर सांगत सुटला.

कोंडाईनं काठी जमिनीला टेकवली आणि ओढ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत रेघ ओढली. काठी गेली तिथं खडकालाही चर पडला, असं म्हणतात. रेघेच्या अलीकडं तिनं मेंढरं बसवली आणि ओढ्याच्या वाळूत हातानं झिरा खणला. नखं निघाली तेव्हा पाणी लागलं. तो झिरा मग आटलाच नाही, असं म्हणतात.

पण ताज्या पाण्याचा वास हरणांना लागला. एके दिवशी भर दुपारी सगळा कळप रेघेकडं धावत आला, पुढं मोठा काळवीट. कोंडाईनं खांद्यावरची घोंगडी काढली आणि झटकली. कुणी म्हणतं नुसती धूळ उडाली. आम्ही म्हणतो घोंगडीच वाढली, ओढ्यापासून डोंगरापर्यंत काळी भिंत उभी राहिली. काळवीट थबकला. ती त्याला म्हणाली, "माघारी जा, बाबा. हितं मरण बांधलंय." त्यानं शिंगं खाली केली आणि कळप वळवला, असं म्हणतात.

तिची मेंढरं मात्र एकेक करून गेली. प्रत्येकीला नावानं हाक मारून तिनं खोल खड्ड्यात पुरलं. हंबरडा फोडून रडली, पण रेघ ओलांडली नाही. पाऊस उतरला तेव्हा तिच्याकडं एकही मेंढरू उरलं नव्हतं.

आणि माळावर? माळावर हरणं उड्या मारत होती. लांबलांबच्या गावांतूनही एकाही वाड्यात रोग आल्याची बातमी नव्हती. तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. धुळा आपलं सगळ्यात चांगलं मादी कोकरू खांद्यावर घेऊन रेघेशी आला आणि मान खाली घालून उभा राहिला. "वहिनी, आत येऊ का?"

"नको," ती म्हणाली, "मीच येते." तिनं घोंगडी जाळली, पावसाच्या धारेत अंग धुतलं आणि बाहेर आली. धुळाच्या मागं साऱ्या माळाचे धनगर उभे होते, प्रत्येकाच्या खांद्यावर एक कोकरू. गेला होता त्याहून मोठा कळप घेऊन कोंडाई त्या दिवशी घरी गेली.

अजूनही कोकणातून आलेली मेंढरं आम्ही आधी रेघेशी बसवतो. सगळी धडधाकट दिसली की मगच माळावर सोडतो. मीठ दगडावर नाही, तळहातावर चारतो. आणि आमच्यात कुणाची मेंढरं रोगानं गेली, तर दर वाड्यातून एक मादी कोकरू त्याच्या दारात जातं. देणारा 'मी दिलं' म्हणत नाही. 'कोंडाईनं धाडलंय' म्हणतो आणि चालू लागतो. घेणाराही मान खाली घालत नाही. आईनं धाडलेलं घ्यायला लाज कसली?