माझ्या बाजूने सुलट

एकदा एका कापडव्यापाऱ्याच्या पत्नीला पाठीवर नागीण उठली. फोड वाळले, पण कातडी इतकी हुळहुळी राहिली की अंगावर पोलके सहन होईना. लेकीचे लग्न आठ दिवसांवर आलेले. "मी आपली खोलीतूनच अक्षता टाकीन," असे ती म्हणू लागली.

व्यापाऱ्याने दुकानातले सर्वांत तलम नायलॉन मायक्रोफायबर काढले आणि शिवणकामात केस पांढरे केलेल्या एका वृद्ध बाईंकडे नेले. बाईंनी काम शिष्येवर सोपवले. शिष्या नुकतीच लग्न होऊन गावात आलेली, हाताने चपळ. हे कापड कापले की धागे सुटतात, म्हणून तिने नेहमीच्या रीतीने कडा मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवून बंद केल्या आणि सुबक टीप घातली.

दुसऱ्याच दिवशी पोलके परत आले. घटकाभरही अंगावर ठरले नव्हते.

"याहून मऊ हवं असेल तर लोणीच थापावं लागेल," शिष्या पुटपुटली.

बाईंनी उरलेल्या कापडातून नवे पोलके बेतले, सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या आणि कडांवर त्याच कापडाची पट्टी लावली.

"मावशी, हे तर उलटं झालं. लग्नघरी बायका नावं ठेवतील, आणि तुम्हाला नाही, मला ठेवतील."

बाईंनी जुने पोलके उलटवून तिचे बोट कडेवरून फिरवले. वितळून थिजलेले बारीक खडे बोटाला लागले.

"पोरी, कापडात खोट नाही. केसाहून बारीक तंतू, अंगावरून नुसते सरकतात. घामाने भिजलं तरी लगेच वाळतं. पण आच लागली की वितळतं, आणि थिजलं की टोचतं. धागे सुटू नयेत, एवढंच तू पाहिलंस. कापड कितीही मऊ असो, जोडाला खडबडीत बाजू राहतेच. ती बघणाऱ्यांकडे ठेवावी, दुखऱ्या अंगाकडे नाही. नावं ठेवणाऱ्यांसाठी पदर आहेच की."

लग्नात व्यापाऱ्याची पत्नी शेवटपर्यंत लेकीशेजारी उभी होती. पदर जरा सरकला तेव्हा एका विहीणबाईंनी हळूच सांगितले, "अहो, पोलकं उलटं घातलंत."

"माझ्या बाजूने सुलट आहे," ती म्हणाली.

मागे उभ्या असलेल्या शिष्येने ते ऐकले आणि मान खाली घातली.

दोन घरे जोडताना सगळे पोत पाहतात. जोड कसा बसला, हे मात्र ज्याच्या अंगाला तो लागतो त्यालाच विचारावे.