मळाईचा मुराळी

एका गावात एक भोळा गडी राहायचा, म्हसू नावाचा. भोळा म्हणजे किती, तर सांगाल ते करायचा आणि जेवढं सांगाल तेवढंच करायचा. त्याच्या बायकोचं नाव चांगुणा. तिच्या हाताला अशी चव की म्हसूचं पोट सुटत सुटत पार पुढं गेलं. त्याला स्वतःचे पाय दिसेनात. उंबऱ्यापाशी पायाला लागेल ती वहाण घालून तो निघायचा.

एकदा लग्नाच्या पंगतीत यजमान म्हणाले, "म्हसू, लाजू नकोस. पोटभर जेव."

म्हसू लाजला नाही. वाढणारे दमले, वाढपाची भांडी रिकामी झाली, तेव्हा तो हात धुवायला उठला. एक पायरी चढला आणि धाडकन पडला. डोळे पांढरे, ओठ निळे. बैलगाडीत घालून तालुक्याला नेला. गाडी ओढून ओढून बैलांच्या तोंडाला फेस आला.

डॉक्टरांनी त्याला वजनाच्या काट्यावर उभं केलं. काटा फिरला तो टोकाला जाऊन अडकला, परत यायला तयार नाही. छातीला नळी लावून डॉक्टर म्हणाले, "काळीज थकलंय तुझं. असंच चाललं तर यंदाची जत्रा तुला दिसायची नाही."

चांगुणा पुढं झाली. "काय करायचं मग, डॉक्टरसाहेब?"

"जेवतो त्याच्या निम्मं जेवायचं. आणि अंग हलवायचं, घाम गाळायचा."

"बरं," म्हसू म्हणाला.

घरी आल्यावर चांगुणेनं भाकऱ्या थापल्या. म्हसूनं एक घेतली, निम्मी खाल्ली, निम्मी बाजूला ठेवली. चांगुणेला बरं वाटलं. मग त्यानं दुसरी घेतली, निम्मी खाल्ली, निम्मी ठेवली. मग तिसरी. टोपली संपली. शेजारी निम्म्या भाकऱ्यांचा ढीग लागला. मग म्हसूनं त्या ढिगातली एक निम्मी उचलली आणि तिची निम्मी खाल्ली.

"अहो, हे काय चाललंय?"

म्हसू काहीतरी बोलला. पिठलं चांगुणेच्या लुगड्यावर उडालं.

"आधी गिळा. तोंडात घास असताना बोलू नये माणसानं."

म्हसूनं गिळलं. "डॉक्टरांनी निम्मं सांगितलंय. मी एक तरी भाकरी पुरी खाल्ली का, सांग."

"अहो, एकच घ्यायची. ती पुरी संपवायची आणि उठायचं. हाती घेतलेलं अर्ध्यावर सोडायचं नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "म्हशीला पाण्यावर न्या. तेवढंच अंग हलेल." वाटेत कुत्रं भुंकलं आणि म्हैस उधळली. दावं म्हसूच्या हातात. म्हैस उसात शिरली, म्हसूही शिरला. म्हैस बाभळीच्या कुंपणातून गेली, म्हसूही गेला. परटानं धोतरं वाळत घातली होती त्यांतूनही दोघं गेली. लोक बांधावरून ओरडत होते, "अरे, सोड तिला."

"अर्ध्यावर?" म्हसू म्हणायचा आणि पुढं पळायचा.

दिवस कलला, म्हैस दमून बसली, तेव्हा तो बसला. चांगुणेनं त्याच्या पाठीतले काटे काढले. "अहो, ओढ लागली की दोरी सोडून द्यायची. एवढं कसं कळत नाही?"

"बरं."

सकाळी ती म्हणाली, "विहिरीचं पाणी तेवढं आणा." घरात तांब्याची घागर एकच, तीही चांगुणेच्या माहेरची. म्हसूनं ती विहिरीत सोडली. घागर भरली, जड झाली, दोरीला ओढ लागली. म्हसूनं दोरी सोडून दिली. घागर गेली, दोरी गेली, बुडबुडे आले.

चांगुणेनं विहिरीत डोकावून पाहिलं. मग घरात गेली आणि जुनं मडकं घेऊन आली. "आता विहिरीवर जायचं कामच उरलं नाही. टेकडीपलीकडं नदी आहे, तिथनं आणा. मडकं गळकं आहे. गळायला लागलं की पळत सुटा."

"बरं."

म्हसू नदीवर गेला. मडकं गळायला लागलं, तो पळत सुटला. घरी येईपर्यंत मडक्यात एक घोट उरला. तो ओतून परत गेला. असं चाललं दुपारपर्यंत. शेवटी चांगुणाच म्हणाली, "पुरे आता, ठेवा ते मडकं." म्हसूनं मडकं ठेवलं. तेवढ्यात त्याच्या नाकावरून घामाचा थेंब गळाला.

म्हसू पळत सुटला.

पळाला तसा घाम आणखी गळाला. घाम गळाला तसा तो आणखी पळाला. गावाला वळसा घातला, शेजारच्या गावाला घातला. "अहो, जेवायला या," चांगुणा दारातून म्हणायची.

"गळतंय अजून," म्हणत तो दारावरून निघून जायचा.

वारा सुटून घाम वाळला की असेल तिथं थांबायचा, हे कुठलं गाव म्हणून विचारायचा आणि चालत घरी यायचा. रोज हेच. पोट उतरलं, मान दिसायला लागली. एक दिवस त्याला स्वतःचे पाय दिसले.

"अगं, या वहाणा माझ्या नव्हेत."

चांगुणेनं वाकून पाहिलं. वहाणा तिच्या वडलांच्या होत्या. मागं लेकीला भेटायला आले तेव्हा ते अनवाणी का गेले, हे तिला त्या दिवशी कळलं.

तालुक्याला जाऊन परत काट्यावर उभा केला. डॉक्टरांनी आधी म्हसूकडं पाहिलं, मग काटा बिघडला का ते पाहिलं. "घोड्याचं काळीज झालंय तुझं. आता हे सांभाळ."

"बरं."

जत्रा जवळ आली. गावची देवी मळाई. तिची धाकटी बहीण खडकाई घाटापलीकडच्या गावात नांदते. थोरलीचं बोलावणं गेल्याशिवाय धाकटी येत नाही आणि धाकटी आल्याशिवाय जत्रा सुरू होत नाही. लेकीला माहेरी आणायला जातो तो मुराळी. तसाच मळाईचाही एक मुराळी असतो. त्यानं घाट पळत चढून जायचं. निरोप लागतो तो त्याच्याच तोंडून, दुसऱ्या कुणाचा चालत नाही.

इतकी वर्षं तालमीचे वस्ताद जायचे. त्यांचे गुडघे गेले. त्यांनी म्हसूला बोलावलं. "गड्या, यंदा तू पळ. काही अवघड नाही. तिथं जाऊन म्हणायचं, 'मळाईनं बोलावलंय, चला.' की पालखी निघालीच."

चांगुणेनं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. "कुणी आग्रह केला तर नाही म्हणू नका. लेकीच्या सासरची माणसं, रुसतात. पण डॉक्टरांनी काय सांगितलंय, तेही ध्यानात असू द्या."

"बरं."

म्हसू असा पळाला की तसा मुराळी त्या घाटानं पाहिला नव्हता. सूर्य डोक्यावर यायच्या आत तो खडकाईच्या वेशीत उभा. सगळा गाव गोळा झाला. म्हसूनं तोंड उघडलं.

त्या गावची रीत अशी की माहेरचा माणूस आला की आधी त्याचं तोंड गोड करायचं. एका म्हातारीनं उघड्या तोंडात लाडू घातला.

म्हसूनं तोंड मिटलं.

इकडं जत्रेचा दिवस उजाडला. पाळणे उभे राहिले, रेवड्यांचे ढीग लागले, पालखीचा पत्ता नाही. चांगुणा वेशीत बसून होती. "घाटात काळीज थांबलं हो त्यांचं," म्हणत होती. वस्तादांनी माणूस पाठवला. तो परत आला.

"कसा आहे?"

"जेवतोय."

चांगुणा रडता रडता हसली. जत्रा पुढं ढकलली. आठवड्यानं दुसरा माणूस पाठवला.

"काय करतोय?"

"जेवतोय. बोलत नाही. मुराळ्याचं मौन आहे म्हणतात तिथले."

पाळणेवाले कंटाळून निघून गेले. रेवड्या पाघळल्या. बऱ्याच दिवसांनी घाटातून एक बैलगाडी उतरली. बैलांच्या तोंडाला फेस होता. आत म्हसू होता, पहिल्याहून मोठा. मागं पालखी नव्हती. सगळा गाव गाडीभोवती जमला.

"अहो, हे काय करून घेतलंत?" चांगुणेनं कपाळाला हात लावला. "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

म्हसूनं हात वर करून तिला थांबवलं. चावलं, गिळलं. "एका घरी पोटभर जेवलो नाही. सगळीकडं निम्मंच."

"मग एका घरी जेवून यायचं होतं."

"गाव अर्ध्यावर सोडून?"

वस्ताद पुढं आले. "ते राहू दे. निरोप सांगितलास का?"

"कसा सांगणार? तोंडात घास होता."

"अरे, मग तोंड रिकामं कधी झालं?"

"आत्ता," म्हसू म्हणाला. मग गाडीतच नीट बसला, टोपी सारखी केली आणि सगळ्या गावाला हात जोडून म्हणाला, "मळाईनं बोलावलंय, चला."